अंगणातली खडी

'खडी' हा शब्द कानावर पडला की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर दोन चित्रे उभी राहतात. एक तुरुंगाचे, दुसरे दुष्काळाचे. 'अभ्यास कर, नाहीतर खडी फोडायला जाशील' ही धमकी माझ्या पिढीतल्या पुष्कळांनी ऐकलेली आहे. ही धमकी देणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरातल्या कुणी ना कुणी खरोखरच खडी फोडलेली होती, हे मात्र पुष्कळदा सांगितले जात नसे.

गेल्या काही वर्षांत हीच खडी मला कोकणात एका तिसऱ्या ठिकाणी दिसू लागली आहे, ती म्हणजे घराच्या दारात. शेणाने सारवलेली खळी मागे पडत आहेत. त्यांच्या जागी कुणी कोबा करतो, कुणी पेव्हर ब्लॉक बसवतो आणि ज्याला घराभोवती सिमेंट नको असते तो एक-दोन डंपर खडी आणून पसरतो. पहिल्या वर्षी ती छान दिसते. दुसऱ्या पावसाळ्यात दाराजवळ चिखल वर येतो आणि तिसऱ्या वर्षी खडी शोधावी लागते. मालक म्हणतो, जमिनीने गिळली. मग पुन्हा डंपर येतो.

मी इंजिनिअर नाही. हिशेबनीस म्हणून नोकरी केली आणि उरलेल्या वेळात जुन्या वाटा, घाट, पाखाड्या यांच्या मागे फिरलो. त्या फिरण्यातून एवढे कळले की भरपूर पावसाच्या मुलखात सुटा दगड अंथरून जमीन कोरडी कशी ठेवायची, हा प्रश्न जुना आहे. त्याचे उत्तर दोनशे वर्षांपूर्वी सापडलेले आहे. ते उत्तर आपल्याकडे अंगणातून आले नाही, सडकेवरून आले. आणि ते ज्यांच्या हातांनी अमलात आले, त्यांचे नाव कुठल्याही कोनशिलेवर नाही.

पावसाशी केलेला करार

आधी एका साध्या शंकेचे निरसन करू. कोकणात दगडाला तोटा नाही. मग आपल्या पूर्वजांनी अंगणात खडी का टाकली नाही?

खळे हे मुळात बसण्या-उठण्याची जागा नव्हते. ते कामाचे ठिकाण होते. तिथे भात झोडले जाई, मळणी होई, आमसुले, सांडगे, पापड, सुपाऱ्या वाळत पडत. दाणा मातीत मिसळू नये म्हणून जमीन तुळतुळीत हवी. भातकापणी आटोपत आली की गवत खरवडून काढायचे, जमीन खणून सारखी करायची, पाणी मारायचे, लाकडी चोपण्याने ती चोपून घट्ट करायची आणि वर शेणाचा हात फिरवायचा. असे खळे अनवाणी पायाला मऊ लागते. खडीवर भात झोडता येत नाही आणि अनवाणी चालताही येत नाही.

शिवाय हाताशी असलेला दगड खडीच्या कामाचा नव्हता. कोकणच्या मोठ्या पट्ट्यात वरचा थर जांभ्याचा. फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश वैद्याने 1807 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तांतात मलबारातल्या याच दगडाला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' हे नाव दिले. ते सार्थ आहे, कारण हा दगड खाणीत मऊ असतो, त्याचे चिरे कापता येतात आणि उघड्या हवेवर तो टणक होतो. चिऱ्यासाठी तो उत्तम, पण फोडला तर त्याचा भुगा जास्त आणि खडी कमी. काळा दगड खडीला उत्तम, पण तो हाताने फोडणे हे जिवावरचे काम.

म्हणून कोकणी माणसाने पावसाशी एक करार केला होता असे मी म्हणतो. आठ महिने अंगण माणसाचे, चार महिने पावसाचे. मिरगाच्या आधी माटव उतरायचा आणि खळे सोडून द्यायचे. त्यावर गवत माजे, कडेने काकडी-पडवळाचे वेल चढत. ये-जा करायला जांभ्याचे सपाट दगड पावलापावलावर ठेवलेले असत. पागोळ्या जिथे पडत तिथे दगडांची ओळ असे, म्हणजे माती उडून भिंतीवर येत नसे. पाऊस सरला की खळे पुन्हा नव्याने करायचे. हा करार पाळण्याचा सगळा भार दरवर्षी अंगावर घेणारे हात घरातल्या बायकांचे आणि गावातल्या मजुरांचे होते. ती प्रथा सुंदर होती असे आपण आज म्हणतो, तेव्हा हे विसरू नये.

जिथे बाराही महिने पाय ठेवायलाच लागे, तिथे मात्र लोकांनी दगड वापरला. चढाच्या वाटेवर जांभ्याच्या पाखाड्या बांधल्या. कुंपणाला चुना-माती न घालता नुसते दगड रचून गडगे घातले. मुसळधार पावसात गडगा टिकतो, कारण पाणी त्याच्या फटींतून निघून जाते आणि मागे दाब साठत नाही. सुट्या दगडातून पाण्याला वाट देण्याचे ज्ञान आपल्याकडे होते. ते जमिनीवर आडवे अंथरण्याचे कारण मात्र पडले नव्हते. ते कारण चाकांनी आणले.

दोन स्कॉटिश माणसे

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातही पावसाळी रस्ते म्हणजे चिखलाचे चर होते. फ्रान्समध्ये लिमोज प्रांतात पिएर त्रेसागे या अभियंत्याने 1764 च्या सुमारास थर लावलेल्या रस्त्याची पद्धत सुरू केली. तळाला मोठे दगड, वर लहान आणि सगळ्यात वर बारीक कठीण खडी. तळाची जमीनही त्याने मधे उंच, कडेला उतरती अशी घडवली. पुढे टॉमस टेलफर्ड (1757-1834) याने लंडन ते होलीहेड हा मोठा रस्ता करताना तळाला हाताने रचलेल्या मोठ्या दगडांची फरसबंदी घातली. टेलफर्ड मूळचा गवंडी, त्यामुळे त्याचा विश्वास पायावर होता.

जॉन लाउडन मॅकॅडम (1756-1836) हा त्याच्याच देशाचा, स्कॉटलंडमधल्या एअरचा. चौदाव्या वर्षी तो न्यूयॉर्कला काकाकडे गेला, व्यापारात पैसा मिळवला आणि 1783 साली परतला. रस्त्यांचा अभ्यास त्याने आपल्या हौसेने आणि खिशातून केला. 1816 साली ब्रिस्टॉलच्या रस्ते मंडळाने त्याला सर्वेक्षक नेमले, तेव्हा तो साठीला आला होता. माझ्यासारख्या हौशी माणसाला त्याच्याविषयी आपुलकी वाटते ती यामुळे.

मॅकॅडमचे म्हणणे टेलफर्डच्या उलट होते. रस्त्याचे वजन दगड पेलत नाही, खालची मूळ जमीनच पेलते आणि ती कोरडी असेल तर कितीही वजन पेलते. तेव्हा मोठ्या दगडांचा पाया हा वायफळ खर्च. आधी कडेने चर काढून पाणी जमिनीच्या पातळीखाली न्यावे, मग फोडलेल्या, कोनदार, एकसारख्या खडीचा सुमारे दहा इंचांचा थर द्यावा. एकेक खडा सहा औंसांपेक्षा, म्हणजे साधारण 170 ग्रॅमपेक्षा जड नसावा. त्यात माती, खडू, वाळू काहीही मिसळू नये. कोनदार खडे वाहतुकीच्या दाबाने एकमेकांत अडकतात आणि त्यांचे एक घट्ट छप्पर तयार होते. त्यावरून पाणी वाहून जाते. मग उंच पाठीचीही गरज नाही. तीस फूट रुंद रस्त्याला मधोमध तीन इंच उंची त्याला पुरेशी वाटे.

यातल्या दोन गोष्टी आज अंगण करणाऱ्यानेही लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, खडा गोल नसावा. नदीतले गोटे दिसायला सुरेख, पण ते पायाखाली सरकतात, एकमेकांना धरत नाहीत. दुसरी, मॅकॅडमची खडी पाणी मुरवण्यासाठी नव्हती, पाणी वर अडवण्यासाठी होती. अंगणातली सुटी खडी नेमके उलटे करते, ती पाणी खाली सोडते. म्हणून अंगणाला मॅकॅडमपेक्षा टेलफर्ड जवळचा आहे. वरून आलेले पाणी खाली जाणारच असेल, तर खाली त्याची सोय हवी.

त्या सोयीचेही एक छोटे प्रकरण आहे. खडीने भरलेल्या चराला जगभर 'फ्रेंच ड्रेन' म्हणतात. त्याचा फ्रान्सशी काही संबंध नाही. हेन्री फ्लॅग फ्रेंच या अमेरिकन वकील-न्यायाधीशाने 1859 साली शेतातल्या पाण्याच्या निचऱ्यावर एक पुस्तक लिहिले, त्याच्या आडनावावरून ते नाव पडले. वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकातला लिंकनचा भव्य पुतळा घडवणारा शिल्पकार त्याचाच मुलगा. मुलाचे काम सगळ्या जगाने पाहिले. बापाचे काम जमिनीखाली आहे, त्यामुळे ते कुणाच्या नजरेला पडत नाही.

सह्याद्रीचा पाऊस

ही विद्या आपल्याकडे आली ती घाटांतून. 1830 साली मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने बोरघाटातला गाडीरस्ता खुला केला. 1854 साली पुण्यात इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला, तो प्रामुख्याने बांधकाम खात्याला लागणारी दुय्यम श्रेणीची माणसे तयार करण्यासाठी. त्याच काळात सार्वजनिक बांधकाम खात्याची घडी बसली. मॅकॅडमच्या नावाचे रस्ते तेव्हापासून आपल्याकडे होऊ लागले आणि कंत्राटदारांच्या तोंडी 'डब्ल्यूबीएम' म्हणून ते अजूनही आहेत. त्यातले एम हे अक्षर त्या एअरच्या माणसाचे आहे.

पण पाऊस वेगळा होता. लंडनला वर्षभरात साधारण 600 मिलीमीटर पाऊस पडतो, तोही बारा महिन्यांत वाटून. रत्नागिरीला 3000 च्या वर आणि महाबळेश्वरला साडेपाच-सहा हजार, तोही बहुतेक सगळा चार महिन्यांत. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलीमीटर पडला, म्हणजे लंडनच्या दीड वर्षाचा पाऊस. उरलेले आठ महिने कडक ऊन. ओल नसली की सुटी खडी उखडते, म्हणून ती बसवायला मुरूम भरून पाणी मारावे लागे. मॅकॅडमने जे मिसळू नका म्हटले होते तेच इथे मिसळावे लागले. मग पावसाळा आला की मुरूम धुऊन जाई आणि पुन्हा खड्डे.

यावर तोडगा निघाला तो दगडाचा नव्हता, माणसाचा होता. खात्याने रस्त्याच्या तुकड्यातुकड्यावर कायमचा मजूर नेमला. त्याला 'मैलकुली' म्हणत. गटारे साफ करणे, दरडीचे दगड बाजूला करणे, खड्डा लहान आहे तोवरच बुजवणे हे त्याचे काम. इथे मॅकॅडमचीच दुसरी शिकवण लागू पडली, जी त्याच्या खडीइतकी प्रसिद्ध नाही. रस्ता बांधून संपत नाही, त्यावर पगारी माणूस सतत असायला हवा, असे त्याने आग्रहाने मांडले होते. आमचे खळे दरवर्षी नव्याने चोपणारी बाई आणि हातात फावडे घेतलेला मैलकुली एकाच सत्याची दोन रूपे होती.

खडी कुणी फोडली?

एवढी खडी आली कुठून? मॅकॅडमच्या इंग्लंडात ती म्हातारी माणसे, बायका आणि मुले बसून लहान हातोडीने फोडत. बसून फोडली तर काम जास्त होते, असे त्याचे निरीक्षण होते. आपल्याकडे ती फोडली तुरुंगातल्या सक्तमजुरीच्या कैद्यांनी, रोजावरच्या मजुरांनी आणि दुष्काळाच्या वर्षी देशावरच्या शेतकऱ्यांनी.

1876-78 च्या दुष्काळात सरकारी कामांवर लाखो माणसे आली. त्यातले ठरलेले काम म्हणजे खडी फोडणे. कारण साधे होते. ते कुठेही काढता येते, त्याला कौशल्य लागत नाही आणि ढीग मोजून मजुरी ठरवता येते. 1877 च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल याच्या सूचनेने मजुरी इतकी कापली गेली की माणशी दिवसाला एक पौंड धान्य आणि वर किरकोळ पैसे असा हिशेब झाला. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. भुकेच्या माणसांनी केलेला तो संपच होता. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, यांच्या पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. 1896 च्या दुष्काळात टिळकांनी 'केसरी'तून फॅमिन कोडातले हक्क शेतकऱ्यांना समजावून दिले, त्याची पार्श्वभूमी हीच.

1972 च्या दुष्काळात चित्र फारसे बदलले नव्हते. 1973 च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर 50 लाखांच्या आसपास माणसे होती. गावोगावी खडी केंद्रे उघडली. खायला सुकडी आणि मिलो. माण-खटावच्या बाजूला फिरताना त्या केंद्रांवर काम केलेल्या बायकांशी मी बोललो आहे. त्यांच्या सांगण्यात तीन गोष्टी हमखास येतात. बोटांना बांधलेल्या चिंध्या, डोळ्यांत उडणाऱ्या कपच्या आणि फुटांच्या हिशेबाने होणारे ढिगाचे माप, जे नेहमी कमीच भरायचे. शंभर घनफूट म्हणजे एक ब्रास. एक ब्रास हाताने फोडणे म्हणजे काय, ते त्या हातांनाच ठाऊक. त्या अनुभवातून रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. कामाचा हक्क कायद्याने देणारे राज्य म्हणून आपण त्याचा अभिमान बाळगतो. त्या अभिमानाच्या तळाशी खडीचे ढीग आहेत.

पाऊस नसलेल्या वर्षी, पाऊस नसलेल्या मुलखातल्या माणसांनी फोडलेला दगड पुढच्या पावसात सडक टिकावी म्हणून अंथरला जाई. खडीच्या इतिहासातली ही विसंगती मला आजही अस्वस्थ करते.

आजचे अंगण

आता खडी क्रशर फोडतो. ती स्वस्त झाली, म्हणून दारापर्यंत पोचली. त्याची किंमत डोंगर देतात आणि क्रशरशेजारच्या गावातली धुळीने भरलेली शेते देतात. म्हणूनच एकदा आणलेली खडी जमिनीने गिळू नये, एवढी काळजी घेणे हे मी कर्तव्य मानतो.

जमीन खडी का गिळते? पाण्याने लिबलिबीत झालेली माती पावलाच्या आणि चाकाच्या दाबाने खड्यांच्या फटींतून वर येते, खडा खाली जातो. वर्षानुवर्षे हेच चालते. उपाय जुनेच आहेत. सहा ते आठ इंच माती काढावी. तळाला घरापासून बाहेर ढाळ द्यावा, पाच-सहा फुटांना एक इंच पुरतो. सुतळी आणि पाणसळ लावून तो तपासावा, नजरेवर सोडू नये. तळ धुम्मसाने ठोकून घ्यावा. सडकेवर गाड्या दाबण्याचे काम करतात, अंगणात ते आपल्यालाच करावे लागते. त्यावर पाणी जाऊ देणारे पण माती अडवणारे जाड कापड अंथरावे. ही एकच गोष्ट मॅकॅडमकडे नव्हती. मग 40 मिलीमीटरची खडी चार इंच, ठोकून. वर 20 मिलीमीटरची दोन इंच, कोनदार. कडेला चिरे उभे गाडावेत, नाहीतर खडी पावसाबरोबर बागेत जाते. आणि ढाळ जिथे संपतो तिथे खडीने भरलेला चर, जो पुढे पऱ्याला किंवा शोषखड्ड्याला मिळेल. चिकण मातीच्या जागी हा चर नसेल तर वरचे सगळे व्यर्थ, कारण आपण खडीने भरलेले एक डबके तयार केलेले असते.

यातून मिळते काय? हिशेबनीसाची सवय म्हणून एक आकडा मांडतो. हजार चौरस फुटांच्या अंगणावर 3000 मिलीमीटर पाऊस पडला तर ते पाणी होते सुमारे पावणेतीन लाख लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे सत्तावीस टँकर. ते सगळे मुरत नाही. पण कोब्यावरून आणि सिमेंटात बसवलेल्या ब्लॉकवरून ते बहुतेक सगळे गटारात जाते आणि एप्रिलमध्ये त्याच वाडीत टँकर येतो. जांभा पाणी खाली सोडतो, त्याच्या तोंडावर आपणच सिमेंटचे झाकण घालतो. जुने खळेही चोपून बंद केलेले असे, पण पावसाळ्यात ते उघडे गवताळ होऊन पाणी पीत असे, हे विसरता कामा नये.

खळे परत येणार नाही. ज्या बायका ते सारवत होत्या त्यांच्या लेकी-सुनांनी ते काम पुन्हा अंगावर घ्यावे असे म्हणण्याचा अधिकार मला नाही. खडीचे अंगण हा त्यातला मधला मार्ग आहे, पण तोही एकदा पैसे टाकून सुटका करून देणारा नाही. दरवर्षी मिरगाच्या आधी चरातला पाचोळा काढावा लागतो, उगवलेले गवत उपटावे लागते, सरकलेली खडी दाताळ्याने सारखी करावी लागते. घाटातल्या सडकांवरून मैलकुली गेला आणि गटारे बुजली, त्यानंतर दर पावसाळ्यात काय होते ते आपण पाहतोच आहोत. घराच्या दारात तेच होऊ द्यायचे नसेल, तर खडीच्या डंपरची चौकशी करण्याआधी घरात एवढे ठरवून टाकावे की मे महिन्यात फावडे कोण उचलणार.